पाणथळीवर पायवाट सोडू नका

संरक्षित पाणथळींवर फिरायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, हे चांगलेच. पण गेल्या रविवारी बांधावरून चालताना जे पाहिले ते खटकले. फोटोसाठी तिघे पायवाट सोडून थेट चिखलात उतरले आणि शेकाट्यांचा अख्खा थवा लांब गुलाबी पाय मागे सोडून उडाला. टिटवी तर डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. तिचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचा खळगा. मातकट, ठिपक्यांची अंडी खड्यांत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. स्थलांतरित पक्ष्यांनी प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणे हा तर निव्वळ छळ. (असा एक 'तज्ज्ञ' आमच्याही गटात आहे!)

पाणथळींच्या संरक्षणासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची आठवण म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांपेक्षा विणीच्या काळात काही वाटा बंद ठेवाव्यात आणि काठावर झापांचे आडोसे उभारावेत. आडोशामागे अर्धा तास गप्प बसले, की उडालेले शेकाटे आपणहून परत येतात.

– एक पक्षीनिरीक्षक