संगीत नाटक अंध प्रेक्षकांपर्यंतही पोचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यगृहांतल्या खुर्च्या, वातानुकूलन, पार्किंग यांबद्दल आपल्या सदरात पत्रे येतात. माझी सून मला रोज अंक वाचून दाखवते. अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्या प्रेक्षकांबद्दल मात्र तिला त्यात काही सापडले नाही, म्हणून हे पत्र मी तिलाच सांगून लिहून घेत आहे.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात आधी अंधारात दिसेनासे होते, मग कडेची नजर जाते. आता मला नळीतून पाहावे तेवढेच दिसते. रंगमंचाच्या दोन टोकांना दोन पात्रे असली की एकच सापडते आणि प्रकाश मंदावला की तेही हरवते. संगीत नाटकाचे वेड मात्र लहानपणापासूनचे. लोक म्हणतात, पदे तर ऐकू येतात, मग अडते कुठे? ‘सौभद्र’च घ्या. अर्जुन संन्याशाच्या वेशात सुभद्रेसमोर येतो, त्या प्रवेशातली अर्धी गंमत चोरट्या नजरेत असते. प्रेक्षागृह हसते आणि मी बायकोला विचारतो, काय झालं? ती कानात सांगू लागली की मागून ‘शूऽऽ’ येते. मागच्यांचेही बरोबरच आहे, तिकीट त्यांनीही काढलेले असते. एकदा तर आम्ही मध्यंतरातच उठून घरी आलो.

यावरचा उपाय म्हणजे ध्वनिवर्णन. वॉशिंग्टनच्या अरेना स्टेज या नाट्यगृहात 1981 मध्ये मार्गारेट आणि कोडी फॅनस्टील यांनी ते सुरू केले. मार्गारेटबाईंची दृष्टी माझ्याच आजाराने गेली होती. वर्णनकार काचेआडच्या खोलीत बसून प्रयोग पाहतो आणि दोन संवादांमधल्या फटीत, रंगमंचावर जे घडते तेवढेच सांगतो. ते फक्त इयरफोन लावलेल्यांना ऐकू येते, शेजाऱ्याला नाही. ‘ती दुःखी झाली’ असे तो म्हणत नाही. ‘पदर तोंडाशी धरून ती पाठमोरी झाली’ एवढे सांगतो, अर्थ आमचा आम्ही लावतो.

ऑपेरात बहुतेक सगळे गायलेच जाते, त्यामुळे बोलायला फट फार थोडी. म्हणून लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊससारख्या ठिकाणी पडदा उघडण्यापूर्वी कथानक, नेपथ्य आणि वेशभूषेचे निवेदन ऐकवतात. काही प्रयोगांआधी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन सामान आणि पोशाख हाताने पाहू देतात. आपल्या संगीत नाटकाला हे अधिक सोपे जावे, कारण पदांच्या मध्ये गद्य असते. आलाप चालू असताना वर्णनकाराने तोंड उघडूच नये, ही माझी अट. पण ‘वन्स मोअर’ आला की तेवढ्या टाळ्यांत त्याला हवी ती जागा मिळेल.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यात, कलम 29 खाली, कला त्यांच्यासाठी सुलभ करणे ही सरकारची जबाबदारी सांगितली आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्राने मार्च 2024 मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. नाटकाकडेही तसेच लक्ष जायला हवे.

वसंत कानेटकरांनी नाशिकमध्ये राहून नाटके लिहिली. इथे हौशी संस्था आहेत, राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र आहे, स्वच्छ वाणीची मुले-मुली आहेत. महापालिकेने कालिदास कलामंदिरात आणि सार्वजनिक वाचनालयाने परशुराम साईखेडकर नाट्यगृहात एखाद्या संगीत नाटकापासून सुरुवात करावी. पहिल्या प्रयोगाला यंत्रेही नकोत. पहिल्या घंटेआधी पंधरा मिनिटे निवेदन आणि रंगपटातला शेला, मुकुट, दंड हाताळायला मिळाला तरी पुष्कळ झाले. इयरफोनचे बिनतारी संच नंतर घेता येतील, ते कुठल्याही नाटकाला चालतील. वर्णनकार मात्र तालमीला बसलेला हवा. आयत्या वेळी आलेल्या सूत्रसंचालकाचे ते काम नाही. आणि पायऱ्यांच्या कडांना ठळक पिवळी पट्टी मारावी, माझ्यासारख्या अर्धवट दिसणाऱ्याला तीच पट्टी खुर्चीपर्यंत नेते.

नाशिकमधल्या एखाद्या संस्थेने हे मनावर घेतले, तर मी त्यांच्या तालमींना येऊन बसेन आणि कुठले वर्णन पोचले, कुठले नाही, ते प्रवेशागणिक सांगेन. दुपारच्या तालमी असल्या तर बरे, संध्याकाळी मला एकट्याला येता येत नाही.

आपला,
एक नाट्यरसिक,
इंदिरानगर, नाशिक