तक्रार बंद केली, पण मला विचारलं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी जिंतूर तालुक्यातली अंगणवाडी सेविका. लागले तेव्हा दहावीवर लागले, पुढं बारावी केली आणि मुख्यसेविकेच्या जागेला पदवी लागते म्हणून दूरशिक्षणातनं बीएला नाव घातलं. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असाच अनुभव वेगवेगळ्या ठिकाणी शिकणाऱ्या बायकांकडून ऐकलाय.

तिसऱ्या वर्षाचा रिझल्ट लागला तर एका पेपरला मी गैरहजर. पेपर तर मी तीन तास बसून लिहिला होता, पुरवणी घेतली होती, हॉल तिकिटावर सुपरवायझरची सही आहे. चूक होऊ शकते हो, एवढी हजारो पोरं, कुठंतरी एखादा नंबर इकडचा तिकडं होतो, त्याचा मला राग नाही. राग पुढच्या सात महिन्यांचा आहे. ऑनलाइन तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी आनंदानं रिझल्ट उघडला तर गैरहजर तसंच. परत तक्रार, परत तोच मेसेज. अभ्यास केंद्रात गेले तर म्हणाले हे आमच्या हातात नाही, मेन ऑफिसला लिहा, मेन ऑफिसचा फोन कसाबसा लागला तर ते म्हणाले केंद्राकडून हजेरीपत्रक आलं नाही, केंद्रातच विचारा. दर खेपेला अंगणवाडीची रजा, एसटीनं परभणी, घरी यायला अंधार. एकदा तर काउंटरवरचे सर मान वर न करताच म्हणाले, मॅडम तुम्हीच पेपर दिला नसेल. ते वाक्य अजून डोक्यातनं जात नाही.

शेवटी वर्ष जाईल या भीतीनं त्या पेपरचा फॉर्म परत भरला, फी परत भरली, आणि परीक्षेच्या आधी सहज बघितलं तर रिझल्ट दुरुस्त! कधी झाला, कशानं चुकलं होतं, कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्यांदा भरलेल्या फीचा अर्ज दिलाय त्याला उत्तर नाही. विद्यापीठाच्या कागदावर माझी तक्रार सुटलेली आहे, माझं समाधान झालंय का हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते. ती सेलूकडची, दुसऱ्या केंद्रावर शिकते. तिची पुस्तकं दोन महिने आलीच नाहीत. पण तिथल्या केंद्रातल्या सरांनी स्वतः फोन केला, छपाईला उशीर झालाय, आमचीच चूक आहे असं सांगितलं, पहिल्या दोन युनिटच्या झेरॉक्स दिल्या आणि पुस्तकं कधी येतील ती तारीख सांगितली. पुस्तकं त्याच्याही नंतर आठ दिवसांनी आली तरी ती आजपण त्या केंद्राचं नाव चांगलंच घेते. चूक तिच्यापण बाबतीत झाली आणि माझ्यापण, फरक एवढाच की तिला कुणीतरी विश्वासात घेतलं.

विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम काढलेत. तक्रार निवारण समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर लोकपालाकडं, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला नेमलेल्या माणसाकडं, अपील, आणि लोकपालानं ३० दिवसांत ते मिटवायचा प्रयत्न करायचा. हे मला सात महिन्यांत एकाही माणसानं सांगितलं नाही, माझ्या भाच्यानं मोबाइलवर शोधून दिलं. केंद्राच्या भिंतीवर फीचा तक्ता लावता, त्याच्या शेजारी समितीचा आणि लोकपालाचा पत्ता लावायला काय हरकत आहे?

अजून एक. कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधानाचं सर्वेक्षण असतं म्हणतात. आम्हाला फीडबॅकचा फॉर्म आला तो हॉल तिकीट काढायच्या वेळेला, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं, मग सगळ्याजणी पटापट 'उत्तम' दाबून मोकळ्या झाल्या. त्यातनं खरं काय कळणार? तक्रार बंद करताना विचारा ना. विद्यार्थ्यानं हो म्हटल्याशिवाय तक्रार बंदच होऊ नये, आणि बंद करताना काय चुकलं, काय केलं हे दोन ओळी मराठीत लिहून पाठवावं. आणि चूक विद्यापीठाची असली तर जास्तीची फी अर्ज न मागता खात्यावर परत टाकावी, फी घेतानाचा सगळा हिशोब त्यांच्याकडंच असतो.

कॉलेजातल्या पोरांना ऑफिस समोर असतं, दहा चकरा मारता येतात. आमचं तसं नाही, कुणी कापूस वेचून आलेली असते, कुणी लेकरू सासूकडं ठेवून, कुणी ऊसतोडीवरनं परीक्षेपुरती गावाकडं येते. आमच्यासाठी तो मेसेज आणि तो फोन हेच विद्यापीठ असतं.

शेजारची सून परवा विचारत होती, काकू मी पण नाव घालू का. मी म्हटलं घाल, नक्की घाल, फक्त हॉल तिकिटावर सही घेतल्याशिवाय जागेवरनं उठू नको आणि फीच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेव.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. जिंतूर, जि. परभणी