नगर-नाशिकच्या वाचकाला पटेल असे लिहावे

महोदय,

पावसाळा सरत आला की गोदावरी खोऱ्यातील नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी सोडण्याविषयीची पत्रे आपल्या दैनिकात हटकून येऊ लागतात. मराठवाड्याच्या माणसाने मराठवाड्याच्याच माणसासाठी लिहावे, तसा त्यांतील बहुतेकांचा सूर असतो. ‘हक्काचे पाणी’, ‘सापत्न वागणूक’ हे शब्द वाचून आपण माना डोलावतो. परंतु ज्याचे मत वळवायचे, तो निफाडचा किंवा कोपरगावचा शेतकरी पहिल्या परिच्छेदातच अंक मिटून ठेवत असणार.

त्याचे म्हणणे काय, हे या पत्रांत क्वचितच सापडते. नदीतून सोडलेले पाणी वाटेत मुरते व बंधाऱ्यांत अडते, नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आणि उथळ असल्याने तेथे बाष्पीभवन फार होते, आणि एवढे होऊनही मराठवाड्यात उसाचे क्षेत्र कमी होत नाही, असे तो म्हणतो. हे आक्षेप पोकळ नाहीत. ते आपणच आधी, त्याला मान्य होतील अशा शब्दांत मांडले आणि उसाबाबतचा दोष जेवढा खरा आहे तेवढा पदरात घेतला, तर आपले उत्तर ऐकून घ्यायला तो निदान थांबेल. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाकडे वळू नये, ही शास्त्रचर्चेची जुनी शिस्त आहे. पैठणच्या परिसरातल्या लोकांना ती नव्याने सांगावी लागावी, हे नवलच.

दुसरे असे की, मोजमाप दोन्ही बाजूंना तपासता येईल असे हवे. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात 15 ऑक्टोबर ही तारीख आणि जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यासाठी 65 टक्क्यांचा निकष आहे (त्या दिवशी साठा याहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे), आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो आदेश उचलून धरला. एवढे एक वाक्य पानभर संतापापेक्षा अधिक काम करते, कारण त्या दिवशीचा साठा कोणीही पडताळून पाहू शकतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये प्रादेशिक अन्यायाच्या तक्रारीला असाच आकडा दिला. राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा कशात किती मागे आहे, हे तिने मोजले, आणि एकूण सुमारे 3,186 कोटी रुपयांच्या अनुशेषात विदर्भ-मराठवाड्याबरोबर उर्वरित महाराष्ट्राचाही वाटा दाखवला. समितीच्या निष्कर्षांवर वाद झाले, पण ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून तिन्ही विभागांचे लोक वापरतात.

याउलट, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हा दाखला जायकवाडीसाठी सर्रास दिला जातो. प्रसंग हृदयद्रावक होता, यात शंका नाही. मात्र लातूर शहराची भिस्त मांजरा धरणावर. जायकवाडीचे कालवे तिथवर जातच नाहीत. नाशिकच्या जाणकार वाचकाला हे ठाऊक असते, आणि हा एक दाखला चुकला की पत्रातील उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

म्हणून आपणास एक विनंती. नाशिक-नगर भागातून या विषयावर येणारी विरोधी पत्रेही मराठवाडा आवृत्तीत छापावीत, म्हणजे आम्ही नेमके कोणाला आणि कशाला उत्तर देत आहोत, हे आम्हा पत्रलेखकांना कळेल.

— एक वाचक, परभणी