वेलांट्या सोडून बाकीचं

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

सदराचे जुने लेख तू युनिकोडमध्ये आणून पाठवलेस, ते तीन दिवस वाचते आहे. "आई, नुसत्या वेलांट्या बघ, बाकी वाचत बसू नकोस," असं तू बजावलं होतंस. ते काही जमलं नाही.

वेलांट्या खरंच बिघडल्यात. 'कविता' नीट आली आहे, पण 'स्थिती' जिथे जिथे आहे तिथे 'सि्थती' झालंय. बिचारी वेलांटी अर्ध्या स पाशीच अडून बसली. मला गंमत वाटली, कारण हा दोष थेट माझ्या बोटांतून आलेला आहे. टाइपरायटरवर हात बसवला तेव्हा पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. अर्ध्या ग ला काना दिला की पुरा ग. रफार सगळ्यांत शेवटी. पुढे संगणक आला तरी माझ्या फॉन्टने तोच क्रम धरला, डोळ्यांना दिसतो तसा. आत साठवलेली इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटाही गेला. युनिकोडचा क्रम मात्र तोंडाचा आहे, म्हणतो तसं लिहायचं. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, माझ्या टेबलापर्यंत यायला तिने बरीच वर्षं घेतली. त्या काळातलं सगळं माझं लिखाण असं डोळ्यांच्या क्रमाने पडून होतं. तू ते सोडवलंस, म्हणून निदान वाचता तरी आलं.

आता तुझी दुसरी सूचना. पुस्तक करताना जुनाट वाटणारी मतं काढून टाकावीत किंवा 'जरा आजची करून घ्यावीत', असं तू लिहिलं आहेस. ते मी करणार नाही. माझ्या आजोबांची पत्रं तू पाहिली आहेस ना? 'नाहीं', 'कांहीं', 'करूं', सगळीकडे टिंबं. १९६२ साली साहित्य महामंडळाने नियम केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मला पहिलीत शिकवलेलं टिंब पुढच्या इयत्तेत चूक ठरलं, त्याचा राग अजून आहे! आजोबा शेवटपर्यंत टिंबं देत राहिले. ती पत्रं आज कुणी 'शुद्ध' करून दिली तर मला ती आजोबांची वाटणारच नाहीत.

माझ्या लेखांतही अशी टिंबं पुष्कळ आहेत. एवढ्याशा बटणांवर मराठी कोण लिहिणार, असं मी छातीठोकपणे लिहून ठेवलंय. आज हे पत्रसुद्धा अर्धं फोनला सांगून लिहवलं. वाचकांच्या पोस्टकार्डांवरचा लेख इतका गोडगोड आहे की मलाच अवघडल्यासारखं झालं. समासात आडवं लिहून जागा पुरवणारी माणसं होती, हे खरंच. पण निनावी शिव्या देणारेही तेव्हा होतेच, फक्त त्यांच्या शिव्या आठवड्याने पोचायच्या. त्यांचा त्या लेखात उल्लेखसुद्धा नाही. असू दे तसाच. प्रत्येक लेखाखाली तारीख टाक, तेवढं पुरे.

एका लेखापाशी मात्र थांबले. 'मराठी, पण रोमन लिपीतली' हा तो लेख. तू चौदा वर्षांची होतीस. तुझ्या फोनवरचे मेसेज मी न विचारता वाचले, त्यांतली दोन वाक्यं जशीच्या तशी छापली आणि या पिढीला आपल्या लिपीची लाज वाटते असा निकाल देऊन टाकला. वर्गात कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. त्या दिवशी तू जेवली नाहीस, आणि मी मनात म्हटलं, लेखिकेच्या घरात हे व्हायचंच.

नंतर केव्हातरी कळलं की रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची आणि देवनागरीत ७०च. वेलांटी, काना, मात्रा, सगळी त्या ७० मध्येच मोजली जायची. शिवाय समोरच्याच्या फोनला देवनागरी दिसेल याचा भरवसा नव्हता, नुसते चौकोनही उमटायचे. लाजेचा प्रश्नच नव्हता, तू हिशेबाने वागत होतीस. हे कळल्यावर सदरात दोन ओळींची दुरुस्ती द्यायला काय हरकत होती? दर आठवड्याला जागा हातात होती. दिली नाही. तुला म्हणालेसुद्धा नाही, आज म्हणते आहे.

बाकीचे लेख माझे आहेत, त्यांतल्या चुकांसकट छापू. या एकात मात्र तुझी दोन वाक्यं आहेत, आणि तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. तेव्हा ठेवायचा, काढायचा की खाली तू काही लिहायचंस, ते तू ठरव. बाकी सगळ्या वेलांट्या दुरुस्त करून फाइल परत पाठवते आहे, त्या लेखातल्या तेवढ्या तशाच ठेवल्यात.

तुझी,
आई