काहीच घडत नाही म्हणे!

प्रिय संद्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. आख्खी ऐकली, मधली डोंबिवलीची अनाउन्समेंट पण ऐकली, आणि ठरवलं की ह्याला व्हॉट्सॅपवर उत्तर द्यायचं नाही, नीट बसून लिहायचं. कारण तू जे बोललायस ते दोन स्मायली टाकून सोडून देण्यासारखं नाहीये. ‘साबर बोंडं’ सिनेमात काहीच घडत नाही? काहीच? अबे माणसाचा बाप मेलाय त्यात!

पण आधी तुझ्या लाडक्या ‘दशावतार’चं बोलून घेऊ, म्हणजे तुझं डोकं ताळ्यावर राहील आणि पुढचं शांतपणे वाचशील.

तो मी गणपती झाल्यावर लगेच बघितला, रिलीजच्याच वीकेंडला, हाउसफुल्ल. मराठी सिनेमाला हाउसफुल्लची पाटी दिसली की माझे अर्धे पैसे तिथेच वसूल होतात. पुढच्या रांगेत एक आख्खं कोकणी खटलं बसलं होतं, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत, आणि दिलीप प्रभावळकर रंग लावून उभे राहिले तेव्हा त्या आजीने चक्क हात जोडले रे. मी पडदा सोडून तिच्याकडेच बघत बसलो थोडा वेळ. ऐंशी ओलांडलेला माणूस, ज्याला आपण चिमणराव, आबा टिपरे, तात्या विंचू, ‘लगे रहो’मधले गांधीजी अशा कायकाय रूपांत बघितलंय, तो ह्या वयात एवढा मोठा सिनेमा एकट्याने ओढून नेतो, ह्याबद्दल आपलं भांडण नाहीच. आणि त्यांचा दशावतारी बाबुली मेस्त्री आणि पोरगा माधव, ह्यांचं जे बापलेकाचं आहे ना, म्हाताऱ्याची नजर जात चाललीय, पोरगा म्हणतोय बस करा आता, आणि म्हातारा म्हणतोय तुला नोकरी लागू दे मग काम सोडतो, तेवढा भाग मी परत तिकीट काढून बघीन. माधव झालेला सिद्धार्थ मेनन काय छान ऐकतो त्याचं. आपल्याकडे समोरचा बोलत असताना नट नुसता स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा असतो, हा पोरगा खरंच ऐकतो.

इंटरव्हलनंतर मात्र माझं बिनसलं. खाण, कंपनी, गुंड, पोलीस, सगळं आलं आणि म्हाताऱ्याचं दुःख बाजूला पडलं. एकेक अवतार घेऊन एकेकाचा हिशेब चुकता करायचा ही कल्पना भारीच आहे, कोकणात ज्याने जन्मभर सोंगं घेतली त्याने शेवटी सोंगाचंच हत्यार करावं, ह्याहून चांगलं काय सुचणार कुणाला. पण पडद्यावर ते लवकरच शाळेतल्या हजेरीसारखं व्हायला लागतं, हा झाला, आता पुढचा कोण.

आणि माझी खरी तक्रार दुसरीच आहे, ती तुझ्यामुळेच आहे. तू मला तुमच्या गावच्या जत्रेला खरा दशावतार, तुमचं ते रात्रभराचं नाटक, बघायला नेलं होतंस. देवळामागे ट्यूबलाइटखाली सगळे कलाकार मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या हातात एक छोटा आरसा, जो तो आपला रंग आपणच लावतोय, आणि दिवसा गवंडीकाम करणारा तो स्त्रीपार्टवाला शालू नेसून, अंबाडा घालून निवांत बिडी ओढत बसला होता आणि तू त्याला मामा म्हणून हाक मारलीस! मग आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, त्यात संकासुर राक्षसाचा धिंगाणा, मग मुख्य गोष्ट, आख्यान. एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, एवढ्यावर पहाट केली त्यांनी. संवाद लिहिलेले नसतात, राजापार्ट समोरच्याला जागच्या जागी कोंडीत पकडतो आणि त्याने तिथल्या तिथे सुटायचं असतं, हे तूच माझ्या कानात सांगत होतास, शेजारचा म्हातारा तुला गप्प बस म्हणेपर्यंत. हे सगळं सिनेमात आहे, नाही असं नाही, पण घाईत आहे. मला त्या बाकड्यावर अजून बसायचं होतं.

काकूंना मालवणी कशी वाटली? ‘आवशीचो घो’ गाण्यावर थेटर नाचत होतं ते सोड, साध्या बोलण्यातली विचारतोय. कारण तुमच्या मालवणीचं आणि आमच्याकडच्या बोलीचं दुखणं एकच आहे. मच्छिंद्र कांबळींनी गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ नाटक करून मालवणी कुठल्या कुठे नेली, पण तेव्हापासून मालवणी ऐकली की लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. आमचं तर त्याहून वाईट, सिरियलमध्ये विदर्भातला माणूस आला की समजायचं हा येडा, हा जास्त खाणार आणि ‘काहून बे’ म्हणणार. 

म्हणून ‘स्थळ’ सिनेमा बघताना मला जे झालं ते तुला कळणार नाही कदाचित. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, सगळी तिथलीच माणसं, कॅमेऱ्यासमोर आधी कधी न गेलेली, आणि ती आमच्या वरोऱ्याकडे बोलतात तशी बोलतायत आणि थेटरात कुणी हसत नाहीये! म्हणजे हसले लोक, पण दिग्दर्शक सोमलकरांना हवं तिथे हसले, भाषेला नाही हसले. जयंत दिगंबर सोमलकर तिथलेच आहेत आणि ते कळतं. 2023 ला टोरोंटोच्या फिल्म फेस्टिवलला आशियाई सिनेमाचं नेटपॅक अवॉर्ड मिळालं आणि आपल्याकडे लागायला 2025 चा मार्च उजाडला. तोपर्यंत मी आमच्या आईला ‘आपल्याकडचा पिक्चर येतोय’ सांगून सांगून तिचा विश्वास उडाला होता.

सुरुवात आठवते ना? पाहण्याचा कार्यक्रम आहे, पण उलटा. बायका ऐटीत बसल्यात आणि मुलगा पोह्यांचा ट्रे घेऊन खाली मान घालून येतो आणि त्याला प्रश्न. मग कळतं की हे सविताचं स्वप्न आहे. आणि मग खरा कार्यक्रम, तोच, तसाच, परत परत. पाहुणे येणार, पाय धुणार, पाणी पिणार, पुरुष माणसं ओळीने बसणार, सविता येऊन पाटावर नाहीतर स्टुलावर बसणार, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची, शेतीचं काम जमते का. माझी मावसबहीण शेजारी बसली होती, ती तिसऱ्या कार्यक्रमाला पडद्यावरच्या माणसाच्या आधी प्रश्न म्हणायला लागली, हळू आवाजात, आणि बरोबर यायचे. तिच्यासाठी तो सिनेमा नव्हताच. तुझी बायको म्हणाली ना की रिपीट होतंय, अरे तेच तर आहे! तुला-मला दीड तासात कंटाळा येतो, ती पोरगी चार-चार वर्षं त्या स्टुलावर बसते. नंदिनी चिकटे काही करत नाही, नुसती बसते, आणि दर वेळी थोडी थोडी आटत जाते. कॉलेजात स्त्री सक्षमीकरण शिकवणारा तो सर आणि बाहेर कापसाचा पडलेला भाव, बाप हुंड्यासाठी जमिनीचा विचार करतोय, हे सगळं न ओरडता येतं. एक-दोन ठिकाणी दिग्दर्शकाने व्यंग जरा बोट दाखवून दाखवलंय, मला नसतं तर चाललं असतं. बाकी कडक.

आता ये ‘साबर बोंडं’वर.

तुझं म्हणणं, माणूस मुंबईहून गावी जातो, दहा दिवस बसतो, उठतो, झालं. दिग्दर्शक रोहन कानवडेचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तो गावी असाच दहा दिवस होता आणि तिथेच त्याला हे सुचलं, आणि सुतकात बसलेला माणूस काय करतो संद्या? बसतोच. आमचे मोठे बाबा गेले तेव्हा मी बसलोय. अनवाणी फिरायचं, खाली झोपायचं, हे खायचं नाही ते शिवायचं नाही, आणि येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं डोळे पुसून तिसऱ्या मिनिटाला विचारणार, मग तुझं लग्न कधी? दहाव्याच्या आधी माझ्यासाठी पोरी सुचवून झाल्या होत्या! सिनेमातल्या आनंदच्या मागे तेच लागतं. फरक एवढाच की त्याला पुरुष आवडतात, आणि हे खरं उत्तर देता येत नाही.

आणि घडत नाही म्हणतोस तर त्याची आई बघ. जयश्री जगताप. तिला माहितीये पोरगा कसा आहे, गेलेल्या बापालाही माहिती होतं, आणि ती त्यावर एकही भाषण देत नाही. आपल्या सिनेमात अशा ठिकाणी काय होतं तुला माहितीये, कानफटात बसते, ताट भिरकावलं जातं, आई देवघरासमोर जाऊन रडते. इथे ती पोराच्या बाजूने आहे आणि नातेवाइकांना तोंड कसं द्यायचं एवढीच तिची काळजी. नवऱ्याचं दुःख एका हाताने सांभाळतेय आणि दुसऱ्या हाताने पोराची लाज राखतेय. हे घडणं नाही का? मला तर धाप लागली बघताना.

मग बाळ्या, आनंदचा गावातला लहानपणचा मित्र. तो शेताकडून काटे काढून ती साबर बोंडं घेऊन येतो, निवडुंगाची फळं, बाहेर काटे आत लालभडक. मला धाकधूक होती की आता दिग्दर्शक आपल्याला ह्याचा अर्थ समजावणार, गाणं लागणार, स्लो मोशन होणार. काही नाही. ती खातात दोघं आणि सीन संपतो. आनंद झालेला भूषण मनोज आणि बाळ्या झालेला सुराज सुमन, दोघं इतके कमी बोलतात की कोण कोणाच्या किती जवळ बसलाय हाच संवाद होतो. तू म्हणालास कॅमेरा हलतच नाही, झोप आली. अरे तो हलत नाही म्हणून तर आपल्याला ते अंतर मोजता येतं! पहिल्यांदा दोघांमध्ये केवढी जागा आहे आणि नंतर नंतर किती उरते बघ. कानवडे आधी इंटिरियर डिझायनर होता हे वाचलं आणि मला एकदम पटलं, घराचा दरवाजा, भिंत, पडवी, माणूस त्यात कुठे बसवायचा हे त्याला बरोबर कळतं.

बॅकग्राउंड म्युझिकच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? वारा, शेळ्या, भांडी, लांबून कुणीतरी बोलतंय, बस. तू मोबाइल बघत होतास मध्ये, खरं सांग. म्युझिक नसलं की तुझा हात खिशात जातो, ही तुझी कॉलेजपासूनची खोड.

सुतकाचे जे नियम त्याला जाचतात, गावाबाहेर जाता येत नाही, त्याच नियमांमुळे ह्या दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळतो. दहा दिवस नसते तर आनंद दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत. रीत बांधूनही ठेवते आणि आडोसाही देते. ‘स्थळ’मधल्या सविताला मात्र तीच रीत कुठेच आडोसा देत नाही, आणि बाबुली तर सगळी रीत अंगावर घालूनच लढायला निघतो. तीन सिनेमे एकाच वर्षात लागले आणि तिघांनी आपल्याकडच्या एकेका विधीला हात घातला, मला ह्याची फार गंमत वाटली. त्यातला सगळ्यात धीट माझ्या मते साबर बोंडं, कारण तो कुणाशी भांडतच नाही.

2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला ग्रँड ज्युरी प्राइझ, तिथे पोचलेला मराठीतला पहिलाच, निर्मात्यांच्या यादीत नागराज मंजुळे, सई ताम्हणकर अशी मंडळी, आणि तरी आमच्या जवळच्या एका मल्टिप्लेक्सात शो कितीचा, तर दुपारी साडेबाराचा, वर्किंग डेला. नोकरी करणाऱ्याने काय करायचं? 2015 ला सरकारने मराठीला प्राइम टाइम म्हणून केवढा गाजावाजा केला होता, आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, बोंबाबोंब झाली तेव्हा दुपारी बारा ते रात्री नऊ असं करून टाकलं. म्हणजे साडेबारा हा पण प्राइम टाइमच, कागदावर सगळं नियमात! मी हाफ डे टाकला आणि ऑफिसात दाढ दुखतेय सांगितलं. आत आठ-दहा डोकी. मागे कॉलेजची दोन पोरं बसली होती, सिनेमा संपल्यावर नावं जाऊन दिवे लागले तरी उठली नाहीत. झाडूवाला येऊन उभा राहिला तेव्हा उठली. ती पोरं तुझ्या हाउसफुल्लात नसती आली रे.

असो. लई झालं. ‘गोंधळ’ बघितलास का? संतोष डावखर, गोव्याच्या इफ्फी फेस्टिवलात बेस्ट डायरेक्टरचा रौप्य मयूर मिळवला गड्याने, संगीत चक्क इलयराजा, आणि लग्नानंतरचा गोंधळ घातलाय त्या एका रात्रीतली गोष्ट. म्हणजे परत विधी! इथे मला दोनदा शो हुकला. ठाण्यात कुठे अजून चालू असेल तर शनिवारचं बघ, सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने येतो. तिकीट तू काढ, ‘स्थळ’चं मी काढलं होतं. आणि वहिनींना सांग, बांगडा नको, माझ्या घशात अडकतो, सुरमई चालेल.

तुझा,
मन्या