पडद्यावर आपलं खोडद दिसलं

केंब्रिज, २८ नोव्हेंबर २०२५

ती. आई, बाबा,

सा. न.

फोनवर सगळं सांगायला घेते तोवर तिकडं तुमची झोपायची वेळ होते आणि मळ्यात रेंज पण जाते, म्हणून या वेळी लिहूनच काढतेय. वहिनीला मोठ्यानं वाचायला सांगा आणि चिऊला जवळ बसवा, अर्धं पत्र तिच्यासाठीच आहे.

परवा बुधवारी माझी ड्युटी लवकर संपली, रूमवर न जाता तशीच सायकल काढून वेधशाळेत गेले. मॅडिंग्ली रोडला इथल्या विद्यापीठाची खगोलशास्त्राची संस्था आहे, तिथं हिवाळ्यात बुधवारी संध्याकाळी सगळ्यांसाठी व्याख्यान असतं. पैसे नाहीत, कोणीही जाऊन बसायचं, व्याख्यान झालं की आभाळ मोकळं असेल तर दुर्बिणीतून दाखवतात. माझ्या एका बाजूला काठी घेतलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला चिऊएवढा मुलगा वही-पेन घेऊन. थंडी म्हणजे हाताची बोटं वाकत नव्हती, तरी खुर्च्या भरलेल्या.

विषय होता पल्सार. बाबा, हे तुम्हाला लगेच कळेल बघा. १९६७ साली इथंच जोसलिन बेल नावाची एक मुलगी पीएचडी करत होती, वय २४. केंब्रिजच्या बाहेर साडेचार एकरात त्यांनी रेडिओ दुर्बीण उभी केली, आणि ती कसली तर जमिनीत खांब ठोकायचे आणि वर तारा ताणायच्या, फोटो बघितला तर मला पहिल्यांदा आपल्या द्राक्षाचा मांडवच आठवला! खांब ठोकायला ती स्वतः घण घेऊन उभी असायची. मग त्या तारांवर आकाशातून जे काही येईल ते यंत्र कागदावर शाईनं काढायचं, रोज साधारण शंभर फूट कागद, आणि हा सगळा कागद ती डोळ्यांनी बघायची. आमच्या वॉर्डात ईसीजीची पट्टी निघते ना तसंच, फक्त ही न संपणारी. त्यात तिला बारीकशी एक खरखर दिसली, चारशे फुटात पाव इंच. दुसऱ्या कोणी सोडून दिली असती, हिनं सोडली नाही, तीच खरखर आकाशात त्याच जागी पुन्हा पुन्हा येते हे पकडलं. मग कागद जोरात पळवून बघितला तर सरळ ठोके दिसले, १.३३ सेकंदाला एक. मी मनात हिशोब केला, मिनिटाला ४५. पेशंटची नाडी एवढी आली तर मी डॉक्टरना फोन करीन. आणि ते ठोके स्वच्छ दिसले ती तारीख २८ नोव्हेंबर १९६७, म्हणजे आजचीच, म्हणून तर आज लिहायला बसले.

हे ठोके देणारा तोच पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, स्वतःभोवती गरागरा फिरणारा, दीपगृहाचा झोत फिरावा तसा त्याचा रेडिओचा झोत आपल्यावरून जातो. १९७४ चं नोबेल तिच्या गाईडला मिळालं, त्यात तिचं नाव नव्हतं. मला हे ऐकून फार लागलं. पण २०१८ ला तिला तीस लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं तेव्हा तिनं ते सगळं संशोधन करणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं.

आता ऐका. शेवटी व्याख्यान देणाऱ्या मॅडम म्हणाल्या की हे पल्सार घड्याळासारखे वापरता येतात, विश्वात मोठमोठ्या कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरतात त्यातून गुरुत्वीय लहरी निघतात, म्हणजे अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं, त्या आपल्यावरून गेल्या की पल्सारचे ठोके अगदी किंचित, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, पुढंमागं होतात. २०२३ च्या जूनमध्ये अशा लहरींची खूण लागली असं जगातल्या बऱ्याच गटांनी एकदम सांगितलं, त्यात युरोपवाल्यांच्या बरोबर भारताचा गट होता, आणि पडद्यावर फोटो आला. आई, आपल्या खोडदची रेडिओ दुर्बीण! त्या जाळीच्या पांढऱ्या तबकड्या, मागं आपले डोंगर. मी आजीबरोबर खोडदला जाताना एसटीच्या खिडकीतून मोजायचे त्याच. मॅडम सांगत होत्या ४५ मीटरची एक, अशा ३०, जवळजवळ २५ किलोमीटरवर पसरलेल्या, आणि माझ्या डोळ्यात पाणी. शेजारच्या आजोबांना म्हटलं, हे माझं गाव, म्हणजे शेजारचं. ते माझ्याशी मग कितीतरी वेळ बोलत बसले, पाऊस किती पडतो, तिथं का बांधली, सगळं विचारलं. मला एवढंच सांगता आलं की तिकडं रेडिओचा गोंगाट कमी आहे आणि गोविंद स्वरूप सरांनी ती उभी केली.

नंतर बाहेर आलो तर आभाळ लख्ख. इथं १८३० च्या दशकातली एक दुर्बीण आहे, नॉर्थम्बरलँड, लांबलचक नळीची. हिच्यातून १८४६ च्या ऑगस्टमध्ये जेम्स चॅलिस नवा ग्रह शोधत होते, नेपच्यून दोनदा त्यांच्या नोंदीत आला, ४ आणि १२ तारखेला, पण दोन्ही रात्रींच्या नोंदी जुळवून बघायच्या राहिल्या, आणि २३ सप्टेंबरला बर्लिनमध्ये गॅलेंना तो सापडला. वहीत ग्रह आलेला आणि कोणाला माहीत नाही! मला परत त्या पोरीचा शंभर फूट कागद आठवला.

माझा नंबर आला तेव्हा शनी लावलेला. सध्या त्याची कडी आपल्याला जवळजवळ कडेनं दिसतात, साधारण पंधरा वर्षांनी असं होतं, त्यामुळं गोळ्याच्या दोन्ही बाजूंना नुसती सुईसारखी रेघ. तो उजेड तिथून सव्वा तासापूर्वी निघालेला. आणि नेपच्यून पण या महिन्यात त्याच्या शेजारीच आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण तिकडं बोट करून दाखवला.

आवारात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचा पुतळा आहे. नारळीकर सर त्यांचेच विद्यार्थी, हॉईल यांनी साठच्या दशकात इथं सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था उभी केली तेव्हा सर पण इथं होते. मे महिन्यात सर गेले तेव्हा मी ड्युटीवर होते, नीट रडता पण आलं नाही. परवा त्या पुतळ्यापाशी थांबले थोडा वेळ. बाबा, तुम्ही सांगायचात ना, सर सही मागणाऱ्या पोरांना म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि सही दोन्ही पाठवतो. तुम्ही मला कार्ड आणून पण दिलं होतं, मी काय विचारू काय विचारू करत ते कोरंच ठेवलं. माझ्या जुन्या कंपासपेटीत असेल अजून.

चिऊ, तू विचारलंस ना की खोडदच्या दुर्बिणीला डोळा लावून बघता येतं का. नाही गं, तिथं डोळा लावायला काही नाहीच, रेडिओच्या लहरी दिसत नाहीत, त्या तबकड्यांवर गोळा होतात आणि कॉम्प्युटरवर आकडे, रेघा येतात. शोधायचं त्या रेघांत.

दादा, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं तेव्हा आत जाता येतं, त्या दिवशी बागेतलं काम कितीही असू दे, हिला घेऊन जा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं असतात, त्याची पण चौकशी कर. आणि कंपासपेटीतलं ते कार्ड चिऊला दे.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्यायची, विसरलात तर रात्री दोन घेऊ नका. घड कसे आलेत, फोटो पाठवा.

तुमची
ताई