मूलपेशी 'जागवणाऱ्या' कॅप्सूल आणि आपली मज्जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'तुमच्याच शरीरातील मूलपेशी जागवा, प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगत निळ्या-हिरव्या शेवाळाच्या कॅप्सूल विकणारे संदेश म्हापशापासून काणकोणपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यातली अर्धी गोष्ट खरी असल्यामुळेच ते गळी उतरतात. प्रतिकारशक्तीच्या बहुतेक पेशींचे मूळ मज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त घडवणाऱ्या गरातल्या, मूलपेशींतच असते; इतर रक्तपेशी त्यांच्यापासूनच घडतात. गडबड त्यापुढच्या अर्ध्यात आहे.

प्रौढ माणसाची कामाची मज्जा मुख्यतः कंबरेची हाडे, मणके, बरगड्या आणि छातीच्या मधल्या हाडात असते. रक्तात उतरलेला न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी) जेमतेम दिवसभर टिकतो, त्यामुळे रोज अब्जावधी नवे घडवावे लागतात. पण ही रोजची मेहनत मूलपेशींची नव्हे, त्यांच्या पुढच्या पिढ्यांची. मूलपेशी बहुतांश वेळ निजलेल्या असतात आणि तेच बरे. सारख्या विभागत राहिल्या तर त्या थकतात, डीएनएतल्या चुकाही साचत जातात.

मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरवणे रुग्णालयात खरोखर केले जाते. प्रत्यारोपणासाठी दात्याला जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन वजनाच्या दर किलोला 10 मायक्रोग्रॅम या हिशेबाने चार-पाच दिवस देतात. पांढऱ्या पेशी तीस-चाळीस हजारांवर जातात, कंबर-पाठ ठणकते, मग काही तास यंत्रावर रक्त फिरवून पेशी वेगळ्या काढतात. इंजेक्शन थांबले की थोड्या दिवसांत सारे पूर्ववत. एवढा जोर लावूनही दात्याची प्रतिकारशक्ती वाढली असे कोणी डॉक्टर म्हणत नाही. मग कॅप्सूलची काय कथा! शिवाय अशा शेवाळाच्या उत्पादनांत यकृताला घातक मायक्रोसिस्टिन सापडलेले आहे.

मज्जेचे काम खरोखर अडते ते साध्या कारणांनी. बी-12 किंवा फोलेट कमी पडले की पेशींचे विभाजन रखडते. अशा रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर एरवी तीन-चार पाकळ्यांचे दिसणारे न्यूट्रोफिलचे केंद्रक पाच-सहा पाकळ्यांचे झालेले दिसते, तांबड्या पेशीही मोठ्या असतात. तिसऱ्या (शिंपल्या), बांगडे, अंडी खाणाऱ्यांना बी-12 ची चिंता सहसा नसते. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची ओमेप्राझोल घेणारे यांनी मात्र ते तपासून घ्यावे. तपासणीआधीच नुसते फोलिक ॲसिड सुरू करू नये. रक्त सुधारलेले दिसते, पण बी-12 च्या अभावाने चेतातंतूंची हानी आतून चालूच राहते.

दुसरे कारण आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. दारू मज्जेला थेट दाबते. फेणी असो, उर्राक असो की बिअर, मज्जेला फरक कळत नाही. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) शंभरावर आणि प्लेटलेट कमी असा रिपोर्ट रोज पिणाऱ्याचा असेल तर आधी बाटली बंद करावी. प्लेटलेट बहुधा आठवडाभरात चढू लागतात. एमसीव्ही उतरायला दोन-तीन महिने लागतात.

रिपोर्ट वाचण्याविषयीही थोडे. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीच्या तपासणीत) एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणून शंभराने भागावे. 6,000 पेशी आणि 60 टक्के म्हणजे 3,600 न्यूट्रोफिल. हा आकडा 1,500 च्या खाली गेला तर डॉक्टरांना दाखवावे, 500 च्या खाली आणि ताप असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. प्लेटलेट अचानक फार कमी आल्या तर घाबरण्याआधी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगावे. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या मोजत नाही. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी केली नाही तर रक्त गोठूनही आकडा चुकतो.

औषधांतली दोन नावे इथे सांगायलाच हवीत. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्याला घसादुखीसह ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करावी. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर मज्जा पार बसते, जीवही जातो. औषध दुकानदारांनी त्या पाकिटावर 'आठवड्यातून एकदाच' आणि वाराचे नाव ठळक लिहून द्यावे. घरात वयस्कर माणूस स्वतःच गोळ्या काढून घेत असेल तर ही पट्टी रोजच्या डब्यात ठेवू नये.

— रक्ततपासणी क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, फोंडा